खिडकी क्रमांक ३ : सोळा घरं आणि एक पुडी

(पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीत ३१ वर्षं काढलेल्या आमच्या काकू दर महिन्याला वाचकांच्या घरगुती अडचणींना उत्तरं देतात.)

प्रश्न : काकू, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. मला अहो-जाहो करू नका, तुमच्या मुलीच्या वयाची आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन दादरला गेले. केशवसुत पुलाखाली धाकटीचा हात सुटला. दहा मिनिटांनी एका फूलवाल्या मावशींपाशी सापडली, हातात झेंडू घेऊन, अगदी मजेत. माझे मात्र पाय लटपटत होते. रानडे रोडपर्यंत गेलेच नाही, तिथूनच परतीची गाडी पकडली. सुक्या मेव्याचे सोळा डबे मग घरबसल्या मागवले. त्यातला एक भाऊबिजेला फिरून आमच्याच घरी आला, तळाशी मी पेन्सिलीने टाकलेल्या आकड्यासकट! यंदा ठरवलंय, सोळाही घरांना सगळं घरचंच द्यायचं. कंदील, पणत्या, उटणं आणि अनारसे, छान टोपलीत. नवरा म्हणतो, लोक कंजूस म्हणतील. सासूबाई म्हणतात, तुला जमणार नाही. कोणाचं खरं?

उत्तर : सासूबाईंचं.

रागावू नकोस, पुढे वाच. तुझी यादी मी दोनदा वाचली. कंदील, पणत्या, उटणं, अनारसे, गुणिले सोळा. शिवाय तुझी सकाळची लोकल आणि दोन मुलं. दादरची गर्दी टाळायची म्हणून तू ती उचलून स्वतःच्या ओट्यावर आणते आहेस.

मी हे केलेलं आहे, म्हणून बोलते. लग्नानंतरच्या चौथ्या दिवाळीत मी बारा घरी आधीच सांगून बसले, ‘यंदा अनारसे आमच्याकडून.’ तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी पंचावर सावलीत पसरला. इथवर ठीक. तांदूळ हाताला दमट लागावा पण बोटांना चिकटू नये, तेवढ्यात तो कुटायचा असतो. माझी ऑफिसची वेळ झाली होती. चिकटत होता तरी मी कुटला, तेवढ्याच वजनाचा गूळ घालून गोळा डब्यात दाबला आणि पळाले. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. ज्या मुलींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, अनारसा हसतो म्हणजे तुपात सुटून त्याचा भुगा होतो आणि कढईभर खसखस तरंगते. दुसराही हसला. तिसऱ्याला सासूबाई हसल्या. कोरडी तांदळाची पिठी मळून त्यांनी थोडे वाचवले, पण बारा घरं कुठली पुरी व्हायला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी लक्ष्मी रोडवर मिठाईच्या रांगेत उभी. घरचं द्यायचं म्हणून निघाले होते आणि ऐन धनत्रयोदशीच्या गर्दीत जाऊन पडले.

तेव्हापासून माझ्याकडे एकच जिन्नस असतो. दर वर्षी तोच. लोक आता वाट बघतात आणि मला डोकं चालवावं लागत नाही. तुझ्या यादीतलं उटणं ठेव, बाकीच्यावर काट मार. उटणं हसत नाही, खवट होत नाही, मुलांना करता येतं आणि ज्या घरात आधीच चार डबे फराळ आहे त्या घरातही ते पहिल्या पहाटेला लागतंच.

माझं सोळा घरांचं प्रमाण लिहून घे. मसूर डाळ पाव किलो. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची वाळवलेली साल, प्रत्येकी ५० ग्रॅम. सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, साल घरची. दसरा झाला की आण, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस कडकडीत वाळव. डाळ आणि पाकळ्या मिक्सरला होतात, पण नागरमोथ्याच्या गाठी आणि आंबेहळदीचे तुकडे घरच्या मिक्सरमध्ये अजिबात घालू नकोस, पातं जातं. माझं गेलेलं आहे. ते डंकावर कुटून आण. मसाल्याच्या आधी घ्यायला सांग, नाहीतर अभ्यंगाला आख्खं घर ठसकत बसेल. मग सगळं एकत्र करून वस्त्रगाळ. ५५० ग्रॅममधला चोथा वजा जाता तीस-तीस ग्रॅमच्या सोळा पुड्या होतात. मुलांना काटा आणि चमचा दे, धाकटी जागेवर बसेल. पुडीवर एक ओळ लिहायला विसरू नकोस, ‘आधी कोपराच्या आत लावून बघावे.’ एखाद्याची कातडी नाजूक असते.

आता टोपली. नको. टोपली, जाळी, सोनेरी रिबीन हे सगळं परत बाजारातूनच आणायचं ना? एक मीटर मांजरपाट घे. ९० सेंटिमीटर पन्ह्यातून चार बाय चार असे बरोबर सोळा तुकडे निघतात. दुमडून दोन बाजूंना धावदोरा, तोंडाला नाडी, झाली थैली. हे मी पोस्टात शिकले. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून, टाक्यांवर लाखेची मोहर लावून यायचं. दाराबाहेर एक गृहस्थ दाभण घेऊन बसलेले असत, ते पाच मिनिटांत डबा शिवून देत. कोपरा कसा मुडपायचा ते त्यांच्याकडे बघून बघून माझ्या हातात आलं.

दिवस मोजायला कोजागिरी धर. कोजागिरीला दूध आटतंय तोवर पुड्या भरून व्हायला हव्यात. तिथून वसुबारसेपर्यंत मोजून बारा दिवस मिळतात, सोळा घरं सहज होतात. पण वसुबारसेच्या पुढे जाऊ देऊ नकोस. नरकचतुर्दशीची आंघोळ झाल्यावर आलेल्या उटण्याचं कोणी काय करायचं?

राहिले तुझे यजमान. कंजूस म्हणतील का? एखादा म्हणेल. खिडकीत एक आजी यायच्या, मुलाला परदेशी लाडू पाठवायला. परदेशच्या पार्सलला फॉर्म असतो, आत काय आहे आणि त्याची किंमत किती. आजी दर वर्षी विचारायच्या, ‘बाई, घरच्या लाडवांची काय गं किंमत लिहू?’ मागे वीस माणसं ताटकळलेली. मी बेसन, तूप, साखरेचा हिशोब करून आकडा टाकायची आणि शिक्का मारायची. तुझ्या पुडीचाही असाच हिशोब कर आणि यजमानांना दाखव. गेल्या वर्षीच्या एका डब्याच्या पैशात बहुधा सोळाही थैल्या बसतील. उरलेल्या पैशांतून पहिलं काम हे, की घरकामाच्या ताई, वॉचमन, कचरा नेणारे दादा यांच्या पाकिटात थोडे जास्त घाल. त्यांना उटणं दे, जरूर दे, पण पाकिटासोबत. पाकिटाऐवजी नाही. ‘घरचं केलंय’ म्हणून बोनस चुकवणारी माणसं मी पाहिली आहेत. कंजूस हा शब्द तिथे वापरायचा.

फराळाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पितळी सोऱ्या एकच होता. आज एकीकडे चकल्या, उद्या दुसरीकडे करंज्या, आणि ज्या घरी घाणा त्या घरी सगळ्या बायका. तुझ्या मजल्यावर तिघी जमल्या तरी भागतं. एकीने तिघींची चकली करायची, एकीने चिवडा, एकीने लाडू. प्रत्येकीचं एकच भांडं खरकटं.

पणत्या मात्र करू नकोस. त्या कुंभाराच्या हातच्याच घ्याव्यात, कामाच्या दिवशी सकाळी, आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात म्हणजे तेल पीत नाहीत. केरसुणी, बोळकी, लाह्या-बत्तासे तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतील. दादरला जायचंच असेल तर वद्य नवमीला, दसऱ्याच्या आदल्या नवमीला नव्हे, एकटी जा, मिसळ खा, परत ये.

प्रश्न : मी कोथरूडचा, वय ६८. मुलगा परदेशी असतो. त्याची मुलं, वय ८ आणि ११, पहिल्यांदाच दिवाळीला इकडे येताहेत. मॉलमध्ये नेऊन खेळणी घ्यायची मला इच्छा नाही. त्यांच्याबरोबर चांदणीचा कंदील आणि किल्ला करावा म्हणतो. हात विसरले आहेत. आणि आम्ही चौथ्या मजल्यावर.

उत्तर : हात विसरत नाहीत, जरा गंजतात. आपण मुलं येण्याआधी एक कंदील गुपचूप करून बघा, फसला तर अडगळीत टाका.

बांबूच्या कामट्या बुरूड आळीतून आणा, मात्र नवरात्र संपताच, दुपारच्या आत. दीड फुटाच्या दहा, चार इंचांच्या पाच. पाच लांब कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं दोऱ्याने आवळा, मग आतल्या पाच कोपऱ्यांत आखूड कामट्या उभ्या अडकवा. पोट फुगतं ना, तो क्षण नातवंडांच्या हातून होऊ द्या. कामटीची कड आधी काचकागदाने घासून घ्या, कूस बोटात गेली तर त्यांची आई पुढचं काही करू देणार नाही.

खळ : दोन चमचे मैदा, कपभर पाणी, ढवळत शिजवा, काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. आपल्या लहानपणी तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं बोटं चाटतात, घालू नका. पतंगाचा कागद कडक ताणू नका, खळ वाळली की तो आपोआप ताणतो आणि आधीच ताणलेला असेल तर फाटतो. झिरमिळ्या धाकट्याकडे द्या. आत एलईडी लावा. जुन्या ६० वॅटच्या दिव्याने आमच्या वाड्यातला एक कंदील पाडव्याच्या रात्री पेटला होता.

किल्ला गच्चीत किंवा बाल्कनीत करू नका, एवढं ऐका. खाली जिन्यापाशी किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात करा. सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर झाडून द्यायचं कबूल करा. चौथ्या मजल्यावरच्या किल्ल्याला बघायला कोण येणार? खाली केलात तर दुसऱ्या दिवशी इमारतीतली पाच पोरं विटा घेऊन हजर होतील आणि तुमच्या नातवंडांना मराठी बोलावंच लागेल. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट, वर मोहरी किंवा अळीव पेरा. हिरवं दिसायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आधीच पेरणी. राजगड करायचा झाला तर मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या काढा, नावं चिठ्ठ्यांवर मुलांकडून लिहून घ्या. माती कमी पडली तर जुन्या टबात पाणी भरून जंजिरा करा. टबाला तळाशी भोक नाही ना, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : काकू, मी नागपूरची. लेक बंगळुरूला नोकरीला आहे, यंदा तिला सुट्टी नाही. गेल्या साली चकल्या पाठवल्या, तिथे चुरा पोचला. काय पाठवू, कसं पाठवू?

उत्तर : चकलीचा चुरा मी इतक्या वर्षांत इतका पाहिला आहे की डबा हलवून सांगायचे, ‘ताई, परत बांधा.’ पत्र्याचा गोल डबा घ्या. बेसनाचा लाडू एकेक करून कागदी वाटीत, वाट्यांच्या मधल्या फटींत शंकरपाळे गच्च, वर चिवड्याची पिशवी. झाकण लावून कानाशी धरून हलवा. आवाज आला तर जागा उरली आहे, आणखी शंकरपाळे भरा. चिवड्यात ओलं खोबरं नको. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका, बाहेरची पावसात पुसली तर कामी येते. नवरात्र संपलं की टाकून मोकळ्या व्हा, दिवाळीच्या आठवड्यात खिडकीपुढे काय हाल असतात ते मला विचारा.

आणि चकली पाठवूच नका. भाजणीचं पीठ पाठवा. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, मूठभर धने, थोडे जिरे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं. सोबत सोऱ्या, चकलीची चकती आतच घालून, नाहीतर ती हमखास हरवते. लेकीला रविवारी फोनवर समोर बसवा आणि इकडे तुम्हीही घाणा काढा. मोहन कडकडीत तापलंय का ते तिला आवाजावरून सांगता येईल. पहिल्या चारपाच मोडतील, त्या तिच्या तिने खायच्या.