युद्धांमुळे लोकसंख्या खरंच घटते का?

लढाईत पडलेल्यांमुळे फारशी नाही; सैन्याबरोबर जे येतं त्यामुळे घटते. आपलीच जनगणना बघा ना. १९११ साली भारताची लोकसंख्या २५.२ कोटी, १९२१ साली २५.१. वाढायची सोडून घटली! पहिल्या महायुद्धात आपले सुमारे ७४ हजार सैनिक गेले, पण तेवढ्याने हा आकडा हलत नाही.

जून १९१८ मध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने फणफणले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता, आणि गोदीत सैनिकांची जहाजं लागत होती. तिथून इन्फ्लूएन्झा रेल्वेने गावोगाव पोचला. त्यात त्या वर्षी पावसानेही दगा दिलेला. एक कोटीहून जास्त माणसं दगावली. १९२१ नंतर मात्र प्रत्येक जनगणनेत आकडा चढताच आहे.