एफडी मोडून बोटीवर रडार? थांबा जरा भाऊ

नागपुरात बसून मला आजवर प्लॉट, सोनं, पोराचं इंजिनिअरिंग, संत्र्याची बाग असले सगळे प्रश्न आले, पण शिडाच्या बोटीवर कोणता रेडिओ घेऊ हा पहिल्यांदाच आला. झीरो माइलच्या गावातून समुद्राचा प्रश्न, मजाच वाटली. तर प्रश्न असा की प्रतापनगरचे एक वाचक, वय ५१, हातात पगार एक लाख दहा हजार, दोन कॉलेजच्या मित्रांसोबत मुंबईला २८ फुटी जुनी शिडाची बोट तिघांत घेतली आहे, वर्षातून चार-पाचदा जातात, आणि या सीझनला मुंबई ते गोवा रात्रीचा प्रवास करायचा आहे. डीलरने कोटेशन दिलं ते असं, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारी स्क्रीन) आणि रडार मिळून २,६०,०००, व्हीएचएफ रेडिओ (जहाजांशी बोलायचा) ३२,०००, एआयएस ट्रान्सपाँडर (बोटीचं नाव आणि जागा आसपासच्या जहाजांच्या स्क्रीनवर पाठवणारी पेटी) ७८,०००, फिटिंग ४०,०००, शिवाय एका मित्राचा भाऊ दुबईहून सॅटेलाइट फोन आणतो म्हणतो तो ७०,०००. टोटल ४,८०,०००. पार्टनर म्हणतात इलेक्ट्रॉनिक्सचा शौक तुझा, तू कर. यांचा विचार, ३ लाखांची एफडी मोडायची आणि १,८०,००० पर्सनल लोन काढायचं. मुलगी बारावी झाली, ॲडमिशन जुलै-ऑगस्टमध्ये.

भाऊ, एफडीचं आधी. ती एफडी पोरीच्या पहिल्या वर्षाच्या फीची आहे हे तुम्हीच लिहिलंय, मग ती तुमची नाहीच, तिला हात लावू नका. आणि लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांचं धरलं तर हप्ता साधारण ६,०६५ बसतो, व्याजच ३८ हजारांच्या वर, म्हणजे रेडिओच्या किमतीहून जास्त पैसे तुम्ही बँकेला नुसते घाई केल्याबद्दल देणार. घाई कशाची पण? तुम्ही मे महिन्यात विचारताय, पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर असली बोट कोणी काढत नाही, ती दिवाळीनंतरच पाण्यात उतरणार ना. तेवढे पाच पगार तुमच्या हातात आहेत.

आता सामानाकडे बघू. माझा मेव्हणा मर्चंट नेव्हीत ऑफिसर आहे, त्याला फोन लावला, तासभर डोकं खाल्लं त्याचं. तो म्हणाला रात्री जहाजाच्या ब्रिजवरून छोट्या शिडाच्या बोटीचा दिवा लाटांत हरवून जातो, पण स्क्रीनवर एआयएसचा त्रिकोण आणि नाव आलं की आम्ही नाव घेऊन चॅनल सोळावर, म्हणजे सगळे ऐकतात त्या रेडिओ चॅनलवर, हाक मारतो. या एका वाक्यात तुमचं निम्मं कोटेशन निकाली निघालं बघा. म्हणजे हाक ऐकायला आणि उत्तर द्यायला व्हीएचएफ हवा, नाव दिसायला ट्रान्सपाँडर हवा, आणि हे दोन्ही मिळून १,१०,००० चं काम आहे, बाकी पावणेचार लाख वेगळ्याच गोष्टींचे आहेत.

नुसता एआयएस रिसीव्हर स्वस्त पडतो, त्यात जहाजं तुम्हाला दिसतात पण तुम्ही जहाजांना दिसत नाही. दिवसा मांडव्यापर्यंत जाऊन यायचं असतं तर मी तोच घ्या म्हटलं असतं. रात्रीच्या गोवा प्रवासाला नाही. तुमच्या कोटेशनमधला ट्रान्सपाँडर क्लास बी आहे, साध्या प्रकारातला, २ वॅटचा, बोट चालत असताना दर ३० सेकंदांनी आपली जागा सांगतो, मोठ्या जहाजाचा क्लास ए १२.५ वॅटचा आणि काही सेकंदांनीच सांगतो, पण बोटीच्या ५-६ नॉटच्या वेगाला ३० सेकंद पुरतात. ५ वॅटचा प्रकारही मिळतो, फरक थोडाच असेल तर तो घ्या. आणि ट्रान्सपाँडर रिसीव्हही करतोच, त्यामुळे डीलर जर एआयएसवाला महाग व्हीएचएफ गळ्यात मारत असेल तर नको, साधा डीएससीवाला, म्हणजे बटण दाबून संकटाचा डिजिटल इशारा देणारा, २५ वॅटचा बास. मोबाइलवरचं जहाज दाखवणारं फुकट ॲप भरवशाचं धरू नका, ते इंटरनेटवरून येतं, उशिरा येतं, आणि किनारा सुटला की रेंजच नाही. हेही लक्षात ठेवा की मासेमारीच्या बऱ्याच छोट्या बोटींवर एआयएस नसतं, जाळी तर बहुतेक वेळा स्क्रीनवर येतच नाहीत, डोळे उघडे ठेवून पहारा करायलाच लागतो, तो फुकट आहे.

डीलरच्या कागदात ज्याला सगळ्यात कमी जागा दिली तिथे मी पैसे वाढवीन, अँटेना आणि केबल. व्हीएचएफ सरळ रेषेत चालतो, उंचीचा खेळ आहे. डोलकाठीच्या टोकावर, १२ मीटरवर अँटेना असली तर रेडिओचं क्षितिज साधारण पावणेआठ सागरी मैल, मागच्या रेलिंगवर ३ मीटरवर लावली तर चारच्याही आत. वर जायला केबल लांब लागते, आणि बारीक स्वस्त केबलमध्ये ताकद वाटेतच गळते, मग २५ वॅटचे पैसे भरून अर्धेच आकाशात जातात. तेव्हा जाड केबल, आणि एआयएसला वेगळी अँटेना. पण डोलकाठीच मोडली तर? आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी, त्यांची डोलकाठी २०१८ मध्ये हिंदी महासागरात गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या रेसमध्ये मोडली होती, तेव्हा काठीच्या टोकावरची अँटेना काठीसोबतच जाते हे गृहीत धरायचं. म्हणून १८,००० चा वॉटरप्रूफ हातातला व्हीएचएफ आणि ४५,००० चा ईपर्ब, म्हणजे बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकट कळवणारा डबा, हे दोन डीलरने लिहिलेच नाहीत आणि मी आधी हेच घेईन. ईपर्ब भारताच्या कोडचाच घ्या आणि रजिस्टर करा, बाहेरून आणलेल्यात दुसऱ्या देशाचा कोड असतो.

सॅटेलाइट फोनचं तर नावच काढू नका. थुराया किंवा इरिडियमचा फोन परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे, विमानतळावर लोक पकडले गेलेत यात. लागलाच तर बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा रीतसर मिळतो. ७० हजार देऊन पोलीस केस विकत कोण घेतं बे.

परवान्याचं काम पावसाळ्यातच उरका. रेडिओला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेचा परवाना लागतो, वापरणाऱ्याकडे रेडिओ ऑपरेटरचं प्रमाणपत्र लागतं, आणि बोटीला नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, भारताचा ४१९ ने सुरू होतो. तो नसला तर डीएससीचं लाल बटण नुसतं शोभेचं. बऱ्याच ट्रान्सपाँडरमध्ये हा नंबर एकदाच टाकता येतो, चुकला की डीलरच्या दारात, म्हणून नंबर हातात आल्यावरच पेटी उघडा.

तर हिशोब. व्हीएचएफ ३२,०००, ट्रान्सपाँडर ७८,०००, ईपर्ब ४५,०००, हातातला रेडिओ १८,०००, चार्टप्लॉटर आणि रडार आत्ता गाळलं की फिटिंग उतरतंच, ते केबल-अँटेनासकट २५,००० ला बसवायला सांगा, झाले १,९८,०००. वायफायवाला ट्रान्सपाँडर घेतला तर घरातला टॅबच स्क्रीन होतो. आणि हे तुमच्या शौकाचं नाही, तिघांच्या जिवाचं आहे, तिघांत वाटा, ६६,००० येतात, पाच पगारांत महिन्याला १३,२००. वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाका नाहीतर लिक्विड फंडात, शेअर-बिअरचा विचार पाच महिन्यांसाठी नको. एमएमएसआय बोटीचा असतो, तुमचा नाही, म्हणून बिलं तिघांच्या नावाने आणि उद्या कोणी वाटा विकला तर सामान बोटीसोबतच राहील असं एका कागदावर लिहून सह्या घ्या. मित्र आहेत म्हणूनच म्हणतोय. बोटीच्या पॉलिसीतही हे सगळं किमतीसकट चढवून घ्या.

रडारची हौस फिटत नसेल तर पुढच्या वर्षी बोनसमधून घ्या, ते मात्र खरंच तुमच्या एकट्याच्या खिशातून. आणि बोटीवरची बॅटरी किती वर्षांची आहे ते तेवढं कळवा, २५ वॅटवर बोलताना रेडिओ पाच-सहा अँपिअर ओढतो, ती दमलेली निघाली तर तुमच्या ६६ हजारांत आणखी चार-पाच हजार धरावे लागतील.