भोपाळला एकटी जातेस तर

अगं, मडगावहून गोवा एक्सप्रेस थेट भोपाळला नेते, मध्ये गाडी बदलायला नको. पोचल्याच्या दिवशी धावपळ करू नकोस. संध्याकाळी बोट क्लबपासून मोठ्या तलावाच्या काठाने चाल. ११व्या शतकात राजा भोजाने बांधलेला हा तलाव मांडवी रोज बघणाऱ्या आपल्यालाही अवाक करतो. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, तिथे जरा थांबच. सोमवारी जनजातीय संग्रहालय आणि मानव संग्रहालय दोन्ही बंद असतात, त्यामुळे तिकीट काढतानाच वार बघ. मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांत पसरलंय. चांगले बूट घाल आणि अख्खा अर्धा दिवस त्यालाच दे. सांची एका सकाळीत होते. जुन्या शहरात मिठाचा चहा पी, पहिल्या घोटाला विचित्र लागतो, दुसरा कप तू स्वतःच मागशील. अंधार पडल्यावर रिक्षा ॲपवरूनच कर आणि पोचलीस की मला कळव.