किलिंग फ्लोअर 2 एकट्यानं खेळून हात सुधारतो का?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. किलिंग फ्लोअर 2 मध्ये सहा जणांपर्यंत मिळून झेड नावाच्या राक्षसांच्या लाटा, म्हणजे वेव्ह, मारायच्या असतात. सहा जणांच्या लॉबीत, म्हणजे ऑनलाइन टीममध्ये, तिसऱ्या-चौथ्या वेव्हलाच तू पहिला पडतोस, पोरं चॅटवर बोलतात, म्हणून आता दोन महिने फक्त सोलो, म्हणजे एकट्यानं, खेळून हात बसवायचा आणि मगच परत यायचं, असा तुझा विचार आहे. हा वेळ सार्थकी लागेल का, असं विचारलंयस.

लागेल. मी असाच शिकलो. पण सोलोत एक वाईट खोडही लागते आणि ती सोडवायला मला शिकण्यापेक्षा जास्त दिवस गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2020 च्या जुलैत हा गेम एपिक या ऑनलाइन गेम दुकानात फुकट मिळाला तेव्हा मी घेतला आणि वर्षभर मित्रांच्या मागं मागं फिरून खेळलो. लेव्हल वाढत होती, हात तसाच होता. मग 2021 च्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेला पूर आला. आमच्या पेठेत पाणी नव्हतं, पण नेटचं काही खरं नव्हतं. सर्व्हरवर दहा मिनिटंसुद्धा टिकत नव्हतो, म्हणून नाइलाजानं सोलो लावलं. मॅप बायोटिक्स लॅब, पर्क (म्हणजे खेळाडूची भूमिका) कमांडो, डिफिकल्टी हार्ड. दुसऱ्याच वेव्हला मेलो.

का मेलो ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. सहा जणांत तुझी चूक दुसरा कोणीतरी झाकतो. क्लॉट या झेडनं पकडलं तर बाजूचा सोडवतो, रिलोड करताना शेजारची बंदूक चालूच असते, अदृश्य होणारी स्टॉकर ही झेड मागून आली तर मेडिक औषध मारतो. समोरचा झेड कुणाच्या गोळीनं पडला तेही कळत नाही. सोलोत हे सगळं बंद होतं.

माझं सगळं गाडं रिलोडवर अडलं होतं. कमांडोची पहिली बंदूक एआर-15, मॅगझीनमध्ये वीस गोळ्या. मी चार-पाच गोळ्या मारल्या की बोट आपोआप रिलोडच्या आर बटनावर जायचं. मॅगझीन भरलेलं असावं, एवढीच मनाला हौस. आणि नेमकं मॅगझीन काढलेलं असताना गोरफास्ट नावाचा झेड धावत अंगावर यायचा. मग मी ठरवलं की दारातून येणारी रांग मोजायची आणि उरलेल्या गोळ्यांकडं बघायचं. समोर पाच क्लॉट, मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या, म्हणजे आर दाबायचं नाही, डोक्यात मारत जायचं. शेवटचा पडला, रस्ता मोकळा झाला, की रिलोड. पहिले दोन दिवस बोट दाबून धरल्यासारखं वाटत होतं. आठवड्यानं ते आपोआप व्हायला लागलं आणि त्यानंतर मी तिसऱ्या-चौथ्या वेव्हला मरायचा थांबलो. तुझं मरणसुद्धा बहुतेक रिलोडमध्येच होत असणार. पुढच्या गेमला मरशील तेव्हा हातात मॅगझीन होतं का, एवढंच बघ.

दुसरं, कान. सेटिंगमध्ये म्युझिक शून्यावर आण आणि हेडफोन लाव. स्क्रेक या मोठ्या झेडची करवत दिसायच्या आधी ऐकू येते. सहा बंदुका चालू असताना हे आवाज शिकताच येत नाहीत, सोलोत आठ दिवसांत ओळखीचे होतात. सायरन, म्हणजे किंचाळणारी झेड, ऐकू आली की हातातला ग्रेनेड ठेवून दे, तिच्या किंचाळीनं तो हवेतच निकामी होतो. तिचं डोकं उडवलं की किंचाळी बंद, म्हणून गर्दीतसुद्धा आधी ती.

पर्क कमांडोच घे, कारण त्याला अदृश्य स्टॉकर दिसतात आणि झेडची तब्येतही दिसते. किती गोळ्यांत काय पडतं याचा अंदाज त्यावरून पटकन बसतो. पंधरा दिवसांनी मात्र तो सोडून सपोर्ट घे. आयतं दिसायची सवय झाली की मान वळवून मागं बघणं बंद होतं.

डिफिकल्टी नॉर्मल ठेवू नकोस. नॉर्मलवर झेड रमतगमत येतात आणि तुझा हात त्याच वेगाला बसतो. हार्डवर सुरू कर, चार वेव्हचा छोटा गेम लाव. तो सलग तीनदा बॉससकट निघाला की थेट त्याच्या वरची पायरी, सुसायडल. दहा वेव्हचा लांब गेम शिकायला नको. सुरुवातीला बराच वेळ तेच ते आणि खरी परीक्षा येईपर्यंत डोळे जड झालेले.

आता ती खोड. सोलोत सगळे झेड फक्त तुझ्याच मागं असतात. त्यामुळं चार दिवसांत कळतं की उलट्या पावलानं पळत, मॅपला गोल चकरा मारत, मागची रांग हळूहळू कापली की सहज जिंकता येतं. माझी तीच पद्धत झाली. सुसायडल निघायला लागलं, वाटलं जमलं. मग नेट सुधारलं आणि मी सहा जणांच्या लॉबीत गेलो. बाकीचे पाच जण एका कोपऱ्यात उभे, प्रत्येकानं एकेक वाट धरलेली, माझ्या वाट्याला डावीकडचा जिना. स्क्रेक आला तसा मी सवयीनं मागं सरकलो आणि पळालो. जिना मोकळा पडला. तिथून आलेल्या सगळ्या रांगेनं मेडिकला घेरलं आणि तो गेल्यावर दोन मिनिटांत सगळी टीम गेली. कोणी शिवी दिली नाही. मेडिकवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, "जिन्यावर कोण होतं?" ते मला अजून लागतं.

आपल्या पेठांतली पोरं बोळात भिंतीवर तासन्‌तास फुटबॉल मारतात, म्हणून तर त्यांचा पहिला टच शाहू स्टेडियमवर उठून दिसतो. पण भिंत तुला मार्क करत नाही, आणि भिंतीला पास द्यायला मान वर करावी लागत नाही. सोलोचंही तसंच आहे. म्हणून मी नंतर स्वतःला एक बंधन घातलं, तेच तुला सांगतो: गेम सुरू झाला की एक कोपरा निवड, जिथं दोनच वाटांनी झेड येतात, आणि वेव्ह संपेपर्यंत तो सोडायचा नाही. जागा सोडली की ती वेव्ह हरलो असं धर, जिवंत राहिलास तरी. हे फार जड जातं, सुरुवातीला दहातले आठ गेम जातील. पण टीमला तुझ्याकडून नेमकं हेच पाहिजे असतं.

आकड्यांनीही फसू नकोस. एका खेळाडूसाठी झेड कमी येतात, आणि स्क्रेक, फ्लेशपाउंडसारख्या मोठ्यांची तब्येतही खेळाडूंच्या संख्येप्रमाणं वाढते. सोलोत जेवढ्या गोळ्यांत फ्लेशपाउंड पडला, तेवढ्यात तो सहा जणांत पडत नाही. छातीवरचा दिवा लाल झाला की तो चवताळला, हे ओळखायला सोलोत शिक. त्याला पाडायला मात्र माणसंच लागतात. कोण आधी मारणार, कोण थांबणार, हे बोलून ठरवायची सवय सोलोत लागूच शकत नाही.

म्हणून दोन महिने लॉबी पूर्ण बंद करू नकोस. आठवड्यात चार दिवस सोलो, रोज तासभर पुरे, आणि एका दिवशी एकच गोष्ट: आज फक्त रिलोड, उद्या फक्त कोपरा. उरलेल्यात दोन दिवस लोकांबरोबर खेळ. चॅटवर बोलणाऱ्या पोरांबरोबर नको वाटत असेल तर आमच्यात ये. आम्ही चौघं रविवारी रात्री दहानंतर असतो, हार्ड, सात वेव्ह. माइक लावून ये. तुला एक वाट देतो, ती तुझी. आणि तोवर सोलोत कुठल्या वेव्हला, कुठं उभा असताना आणि मॅगझीनमध्ये किती गोळ्या असताना मेलास, ते इथंच लिहीत जा. मी वाचून सांगतो.