लहान मुलांच्या नटण्याच्या खेळासाठी कमी खर्चात कपडे कसे जमवावेत?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, रोज काहीतरी बनून खेळायचं म्हणून हट्ट करते, आणि रेडिमेड ड्रेस परवडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही कोल्हापुरातच राहता, म्हणून इथल्याच हिशेबाने सांगते. मी लहान मुलांचा खेळगट चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

पहिलं म्हणजे पूर्ण ड्रेस विकत घेऊच नका. परीचा ड्रेस घातला की मुलगी परीच होऊ शकते, दुसरं काही नाही. चार दिवसांनी तो कपाटात जातो. साधी ओढणी मात्र सकाळी नवरीचा पदर असते, दुपारी जमिनीवर पसरून पंचगंगा नदी होते आणि संध्याकाळी बाहुलीची झोळी. शाळेच्या फॅन्सी ड्रेसला भाड्याने पोशाख आणणं ठीक, कारण तिथं बघणाऱ्यांनी ओळखायला हवं. घरी खेळताना फक्त मुलीला पटलं की पुरे.

तेव्हा बोहारीण दारात येण्याआधी जुन्या कपड्यांचं गाठोडं एकदा सोडून बघा. जुनी सुती साडी सगळ्यात मोलाची. साडेपाच मीटरच्या साडीतून दोन-दोन मीटरचे दोन तुकडे निघतात. चार वर्षांच्या मुलीला तेवढे गुंडाळायला पुरतात. उरलेल्या भागाचे काठ उसवून कमरपट्टे आणि डोक्याच्या पट्ट्या करा. अख्खी साडी तशीच देऊ नका, पायात येऊन मूल पडतं. कापडाचे काठ दुमडून शिलाई मारून घ्या, नाहीतर धागे निघत राहतात.

मग शर्ट. मोठ्या माणसाचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत कापलेला, म्हणजे डॉक्टर, आचारी, औषधाच्या दुकानातले काका. खाकी शर्ट मिळाला तर सोनंच. त्यावर खांद्याला एक जुनी पर्स अडकवली की केएमटीचा, म्हणजे आपल्या शहर बसचा कंडक्टर तयार, आणि कॅलेंडरच्या कागदाची तिकिटं कापण्यात अर्धा तास जातो. मुलांना बटणं लवकर जमत नाहीत, म्हणून पुढे वेल्क्रो लावा. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक. कपडा स्वतःचा स्वतः घालता आला तरच खेळ मुलांच्या हातात राहतो. दर पाच मिनिटांनी 'आई, बांधून दे' म्हणावं लागलं की रंग जातो.

फेट्याचंही तसंच. मोठ्यांचा फेटा आठ-नऊ मीटरचा असतो, तो पोराच्या डोक्यावर ठरत नाही. जुन्या टोपीवर ओढणीचे पीळ देऊन टाके घाला आणि मागे छोटा शेमला सोडा. टोपीसारखा घालता-काढता येतो.

काय-काय जमवायचं ते मुलीच्या डोळ्यांसमोर रोज काय असतं, त्यावरून ठरवा. आमच्याकडे राजा-राणीपेक्षा दूधकट्ट्यावर दूध विकणारा गवळी जास्त चालतो: एक लहान किटली, खांद्यावर पंचा, एवढ्यावर. तालमीतला पैलवान व्हायला लाल कापडाची पट्टी कमरेला पुरते. २०१९ च्या महापुरानंतर तर मुलं कितीतरी दिवस बोटीचाच खेळ खेळत होती. मी जुन्या रजईचे तुकडे केशरी कापडात शिवून बिनबाह्यांची जाकिटं करून दिली. ती घालून उलट्या टेबलात बसायचं आणि आजी, म्हैस, शेजारचं कुत्रं, सगळ्यांना वाचवून आणायचं. घरात पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलं होतं, ती मुलं प्रत्येक वेळी बोट चालवणारीच व्हायची. त्यांना त्या खेळाची किती गरज होती, ते मी जवळून पाहिलंय. असं जाकीट कुठल्याच दुकानात मागून मिळालं नसतं.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूच वापरायला घेतल्या. आपल्या घरातही तेच करता येतं.

विकत घ्यायचं थोडंच. कापड कमी पडलं तर गांधीनगरच्या कापड बाजारात कटपीस बघा. चमकीचं आणि खणाचं अर्धा-अर्धा मीटर पुष्कळ झालं. प्लास्टिकच्या बांगड्या, खोटे हार महाद्वार रोडला मिळतील. काचेच्या बांगड्या नकोत. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात टोपल्या, किटल्या यांवर नजर टाका. वेल्क्रो आणि इलॅस्टिक धरून हे सगळं एका रेडिमेड ड्रेसच्या किमतीत बसायला हवं.

सुरक्षिततेबाबत मात्र मी कडक आहे. गळ्याभोवती गाठ मारायची नाडी किंवा दोरी अजिबात नको. पाठीवर सोडायच्या कापडाला खांद्यावर वेल्क्रो लावा, म्हणजे कुठे अडकलं तर ओढ बसताच सुटतं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुटे मणी, टिकल्या बाहेर ठेवूच नका. नायलॉनचे, चमकीचे कपडे घालून स्वयंपाकघरात किंवा दिवाळीत पणत्यांजवळ जाऊ देऊ नका. ते पेटतात आणि वितळून अंगाला चिकटतात. सामान लोखंडी ट्रंकेत नको, झाकण बोटांवर पडतं आणि मूल आत शिरून बसलं तर भलतंच. उघडी टोपली आणि मुलीचा हात पोहोचेल अशा चार खुंट्या उत्तम. शेजारची मुलं येत असतील तर टोप्या आणि फेटे वरचेवर धुऊन उन्हात टाका, उवांचा प्रश्न येतो.

आणि जमवलेलं सगळं एकदम पुढ्यात ओतू नका. पाच-सहा वस्तू खाली, बाकी माळ्यावर, आणि खेळ मंदावला की अदलाबदल. शेजारणींनाही दिवाळीच्या आवराआवरीआधीच सांगून ठेवा, नंतर त्यांची गाठोडी गेलेली असतात.