'परजीवी' नव्हे, 'अपिजीवी'

प्रश्न: खेकड्यांच्या शंखांवर वसाहत करून राहणाऱ्या पॉलिपांना (नळीसारख्या, चिकटून राहणाऱ्या छोट्या सागरी प्राण्यांना) 'परजीवी' म्हणावे की 'सहजीवी'?

'परजीवी' नको. जे दिसेल चिकटलेले त्याला परजीवी म्हणायची खोड इतकी पसरली आहे की झाडावर नुसती बसलेली आमरीही (ऑर्किड) त्यातून सुटत नाही. परजीवी तो, जो दुसऱ्याच्या शरीरातून अन्न घेतो. हर्मिट क्रॅब ज्या शंखात राहतो, त्यावर हायड्रॅक्टिनिया नावाच्या पॉलिपांची वसाहत सायीसारखी पसरते. अन्न पकडणारे पॉलिप वेगळे, प्रजननाचे वेगळे आणि शंखाच्या तोंडाशी राखणीचे वेगळे. शिकार दंशपेशींनी होते. खेकड्याच्या शरीरातून ही वसाहत काही शोषत नाही. 'सहजीवी' चूक नाही, पण ढोबळ. कोण कोणाच्या अंगावर, हे त्यातून कळत नाही.

खरा शब्द 'एपिझोइक' (प्राण्याच्या अंगावर राहणारा) या इंग्रजी संज्ञेवरून सापडतो. ग्रीक 'एपि' आणि संस्कृत 'अपि' हे सख्खे भाऊ. 'तथापि', 'यद्यपि'मुळे आपल्याला 'अपि' म्हणजे 'सुद्धा' एवढेच आठवते. पण 'लगत, वर' हा त्याचा जुना अर्थ 'अपिधान'मध्ये (वर ठेवलेले झाकण) शाबूत आहे. त्यातला 'अ' गळून 'पिधान' झाले, तसेच अंगावर चढवलेले ते 'पिनद्ध'. आता दुसरा अर्धा भाग: 'झोऑन' म्हणजे प्राणी, आणि तो 'जीव'च्याच धातूतला. मुळातला 'ग्व'सारखा ध्वनी संस्कृतात 'ज' झाला, ग्रीकमध्ये पुढच्या 'य'सारख्या ध्वनीत मिसळून 'झ'. 'बायॉलॉजी'तला 'बिऑस' (जीवन) हाही याच घरातला. म्हणजे 'अपिजीवी' हे नुसते भाषांतर नव्हे, दोन्ही पायांवर उभे असलेले भावंड आहे!

'अधिजीवी' सुचवणाऱ्यांचे मला पटत नाही. 'अधि'ला व्याकरणात 'वर' हा अर्थ आहे, मान्य. पण अधिपती, अधिकारी, अधिराज्य ऐकत वाढलेल्या मराठी कानाला त्यात हुकमत ऐकू येते. पॉलिप खेकड्यावर राज्य करत नाही. शिवाय वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'अपिवनस्पती' आधीच रुळलेला असताना प्राण्यांसाठी वेगळा उपसर्ग कशाला?

अशाच पॉलिपांच्या एपिझोअँथस या प्रजातीच्या (जीनस) नावात तर 'एपि' उघडच आहे. तिच्या काही जातींत खालचा शंख हळूहळू विरघळतो आणि खेकडा थेट वसाहतीच्या पोकळीत राहू लागतो. इथे 'अपिधान' अक्षरशः खरे होते, झाकणच घर बनते.

लिहिताना 'पि' ऱ्हस्व ठेवा: 'अपिजीवी पॉलिप'. 'अपीजीवी' चूक.