मार्वाँवला राहायला यायचंय? घर तटाच्या आत नको

ताई, तुम्ही विचारलंत की पोर्तुगालमधल्या मार्वाँवला तटबंदीच्या आत घर भाड्याने घ्यावं का. मी सात वर्षं इथे आहे, त्यातला पहिला हिवाळा तटाच्या आतच काढला, म्हणून सविस्तर लिहितोय.

नावाचा शेवट नाकातून म्हणायचा. आपल्याकडे आलेला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजमध्ये असाच नाकात संपतो.

गाव सुमारे ८६० मीटर उंच कड्यावर आहे आणि पलीकडे लगेच स्पेन. रोमनांनी मात्र खाली, सेव्हेर नदीच्या खोऱ्यात अम्माया हे शहर वसवलं होतं. पाणी तिथे, शेती तिथे. वर माणूस गेला तो जीव वाचवायला. नवव्या शतकात कोर्दोबाच्या अमीराविरुद्ध बंड केलेल्या इब्न मरवानने या कड्याचा आसरा घेतला, त्याच्यावरूनच गावाचं नाव पडलं. पुढे पोर्तुगालच्या राजांनी सीमेवरचा किल्ला म्हणून तो बळकट केला. वर नदी नाही, विहिरीचा भरवसा नाही, म्हणून पावसाचं पाणी साठवायला किल्ल्यात कमानींचं प्रचंड टाकं बांधलं. ते जरूर बघा, आत गेल्यावर बोलायचंही सुचत नाही.

पण शत्रूला जे अवघड, तेच राहणाऱ्यालाही. हिवाळ्यात धुकं घरात शिरतं, दगडी भिंती गारठतात, कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. किराण्याच्या पिशव्या घेऊन चढ चढायचा. बैराँ स्टेशनवरून लिस्बन-माद्रिद गाडी जायची, ती २०१२ पासून इथून जात नाही. गाडी चालवता येत नसेल तर इथे निभावणं कठीण. इस्पितळ पोर्तालेग्रेला.

माझं ऐकाल तर जवळच्या कास्तेलु द व्हीदला घर बघा. दुकानं, शेजार, सगळं आहे. तिथली जुनी ज्यू वस्ती मला फार जवळची वाटते. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, त्यातली कितीतरी कुटुंबं या भागात आली. अशाच एका घरात गार्सिया द ओर्ता जन्मला. वैद्य म्हणून तो १५३४ मध्ये गोव्याला गेला, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या कॅथलिक न्यायसंस्थेने, त्याची हाडं उकरून जाळली. त्या गल्लीतून जाताना माझी पावलं अजूनही हळू होतात.

नोव्हेंबरच्या चेस्टनट जत्रेला येऊन गाव आवडलं म्हणून लगेच करारावर सही करू नका. जानेवारीत दोन आठवडे राहून बघा. आलात की कळवा, अम्मायाचे अवशेष दाखवायला मी येईन.